वीजबिल तपासताना आधी ग्राहकवर्ग पाहा

एकाच गल्लीतील घर, किराणा दुकान आणि पिठाची गिरणी यांना वीज एकाच खांबावरून मिळत असली, तरी महावितरणच्या बिलात त्यांना लागणारे दर वेगवेगळे असतात. घर घरगुती वर्गात, दुकान वाणिज्यिक वर्गात आणि गिरणी लघुदाब औद्योगिक वर्गात मोडते. हे वर्ग आणि त्यांचे दर महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ठरवतो. म्हणून बिल हातात आले की रकमेआधी दरसंकेत, म्हणजे ग्राहकवर्ग दाखवणारा बिलावरील संकेत, पाहावा. तो चुकीचा असेल, तर पुढची सगळी आकडेमोड बरोबर असूनही बिल चुकीचेच येते.

त्यानंतर चालू रीडिंगमधून मागील रीडिंग वजा करावे आणि आलेला आकडा बिलावरील गुणक अवयवाने (मीटरच्या आकड्याचे युनिट करण्यासाठी ज्या संख्येने गुणायचे, तिने) गुणावा. घरगुती मीटरला हा अवयव बहुधा 1 असतो.

घरगुती दराचे टप्पे 100, 300 आणि 500 युनिटवर बदलतात. त्यांच्याबद्दलचा एक गैरसमज फार पसरलेला आहे. वापर 301 युनिट झाला म्हणजे सगळ्या युनिटना वरचा दर लागतो, असे नाही; वरचा दर फक्त त्या शेवटच्या एका युनिटला लागतो. खरी काळजी घ्यायची ती रीडिंग घ्यायचे राहून गेलेल्या महिन्याची. समजा, दोन महिन्यांचे मिळून 400 युनिट एकाच बिलात आले, तर टप्पेही दुप्पट धरले गेले पाहिजेत, म्हणजे पहिले 200 युनिट पहिल्या दराने आणि उरलेले 200 दुसऱ्या दराने. सगळा वापर एकाच महिन्याचा धरल्यास 100 युनिट विनाकारण तिसऱ्या, महागड्या टप्प्यात जातात.

वीज आकाराशिवाय स्थिर आकार, वहन आकार (वीज तारांमधून पोचवण्याचा), इंधन समायोजन आकार (इंधनखर्चातील फरकाचा) आणि राज्य सरकारचे वीज शुल्क बिलात असते. वापर शून्य असला तरी स्थिर आकार भरावाच लागतो.

घरातूनच शिवणकाम किंवा वकिली करणाऱ्यांनी एक तरतूद अवश्य लक्षात ठेवावी. वापर महिन्याला 300 युनिटपर्यंत आणि आधीच्या वर्षात 3600 युनिटपर्यंत असेल, तर अशा व्यवसायालाही घरगुती दर लागू राहतो. ही मर्यादा ओलांडून घरगुती जोडणी व्यवसायासाठी वापरल्यास वीज कायदा 2003 च्या कलम 126 नुसार लागू दराच्या दुप्पट आकारणी होऊ शकते. गाळा भाड्याने देणाऱ्यांनी तर वापर बदलताच वर्गबदलाचा अर्ज द्यावा.

गिरणीवाल्याने मंजूर भार, म्हणजे जोडणीला मंजूर झालेली विजेची क्षमता, पाहावा. तो 20 किलोवॉटच्या वर असेल, तर स्थिर आकाराऐवजी केव्हीए या एककात मोजलेल्या मागणीवर आकार लागतो आणि पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेपैकी प्रत्यक्ष कामी येणाऱ्या विजेचे प्रमाण) घसरल्यास बिल वाढते. अशा वेळी पॉवर फॅक्टर सुधारणारा कपॅसिटर तपासून घेणे अगत्याचे ठरते. शेतीपंपांचे गणित वेगळे आहे. मीटर नसलेल्या पंपाला अश्वशक्तीवर आकारणी होते, आणि 7.5 अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचे बिल 2024 च्या बळीराजा मोफत वीज योजनेत राज्य सरकार महावितरणला देते.

चूक आढळल्यास मीटरच्या आकड्याचा फोटो जोडून उपविभाग कार्यालयात लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी. तेथे दाद लागली नाही, तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे दोन वर्षांच्या आत जाता येते, आणि मंचाचा निर्णय मान्य नसल्यास 60 दिवसांत विद्युत लोकपालाकडे. कलम 126 ची प्रकरणे मात्र मंच ऐकत नाही. त्यासाठी अंतिम आकारणीच्या आदेशापासून 30 दिवसांत कलम 127 खाली अपील करावे लागते आणि आकारलेली निम्मी रक्कम आधी भरावी लागते.