‘आकडा ओळखा’ तपासायला पाठवताय? या चुका टाळा

संगणकाने १ ते १०० मधला आकडा धरायचा, आपण ओळखायचा, त्याने ‘मोठा’ की ‘लहान’ ते सांगायचं. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत वीसेक ओळींचं काम. लिहून झालं की ‘जरा बघता का?’ म्हणून तो प्रोग्राम माझ्याकडे येतो आणि माझं डोकं उठतं.

सगळ्यात वाईट खोड म्हणजे अर्धाच कोड पाठवणं. ‘गडबड आहे तेवढाच भाग देतो, सर.’ अरे, गडबड कुठे आहे हे कळलं असतं तर मला विचारलं असतंस का? एकाने आकड्यांची तुलना करणाऱ्या इफ-एल्सच्या फक्त आठ ओळी धाडल्या आणि वर तक्रार, ‘कॉम्प्युटर खोटं बोलतो.’ पोरगा खेळला होता मात्र शिस्तीत, दर वेळी मधला आकडा सांगत. ५० ला उत्तर ‘मोठा आहे’, ७५ ला ‘लहान’, ६२ ला ‘मोठा’, ६८ ला ‘लहान’, ६५ ला ‘मोठा’, ६६ ला ‘मोठा’. उरला एकटा ६७. तर त्यालाही ‘लहान’! असं खेळलं तर सात अंदाजांत आकडा सापडायलाच हवा, कारण दर अंदाजाला शक्यता निम्म्या होतात आणि दोनाचा सातवा घात १२८, म्हणजे शंभरापेक्षा जास्त. मी तासभर त्या आठ ओळींतली लहान-मोठ्याची चिन्हं उलटसुलट तपासत बसलो. शेवटी पूर्ण फाइल मागवली. आकडा धरणारी रँडइंटची ओळ व्हाइल लूपच्या, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणाऱ्या भागाच्या आत! दर फेरीला नवा आकडा. ती ओळ लूपच्या वर नेली, संपलं.

तेव्हापासून माझ्याकडे आलेल्या प्रोग्रामच्या लूपमध्ये मी आधी गुप्त आकडा छापणारी प्रिंटची ओळ घालतो, मगच कोड वाचतो. तुम्हीही घाला, फक्त नंतर काढायला विसरू नका.

कोडचा मोबाइलवर काढलेला फोटो नको. पायथॉनमध्ये ओळीआधीच्या मोकळ्या जागेलाही अर्थ असतो, तिरक्या फोटोत ती मोजणार कोण?

‘चालत नाही’ एवढंच लिहू नका. एररची शेवटची ओळ जशीच्या तशी द्या. खरं तर आधी स्वतः वाचा. निम्मी कामं तिथेच होतात.

बरोबर आकडा टाकूनही ‘चूक’ येतंय? इनपुटमधून येतो तो मजकूर, संख्या नव्हे. मजकुराची संख्या करणाऱ्या इंटमधून तो काढा. (इंटला देवनागरीतलं ‘४२’ही कळतं. करून बघा.)

फाइलचं नाव रँडम डॉट पीवाय ठेवू नका. रँडइंट ज्यात असतो ते पायथॉनचं तयार मॉड्यूलही रँडमच, त्यामुळे ते इम्पोर्ट केल्यावर पायथॉन तुमचीच फाइल उचलतो आणि ‘रँडममध्ये रँडइंट नाही’ म्हणतो. यात मीही एकदा अडकलोय. पायथॉन ३.१३ पासून एररमध्येच नाव बदलायचा सल्ला येतो. पण वाचेल तर ना!

रँडरेंजही आकडा धरतो, पण त्याला १ आणि १०० दिलं तर १०० कधीच येत नाही. रँडइंटमध्ये येतो.

आणि घाईवाल्यांचा लाडका शॉर्टकट: कुणी अक्षर टाकलं तर प्रोग्राम कोलमडतो, म्हणून लूपमध्ये नुसतं ‘एक्सेप्ट’ (म्हणजे कुठलीही एरर आली तरी गिळ) लिहून मोकळं व्हायचं. असा एक प्रोग्राम मी चालवला. कंटाळून प्रोग्राम थांबवायला कंट्रोल-सी दाबलं, तर उत्तर आलं, ‘कृपया आकडाच टाका.’ पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. शेवटी खिडकीच बंद केली. एक्सेप्टपुढे व्हॅल्यूएरर (आकड्याऐवजी अक्षर आल्यावर येते ती एरर) हा एक शब्द लिहायला किती वेळ लागतो हो?