विलीनीकरणानंतर केबिन क्रूने नवी कार्यपद्धती कशी अंगवळणी पाडावी

12 नोव्हेंबर 2024 रोजी विस्तारा एअर इंडियात विलीन झाली आणि तिच्या उड्डाणांचा ‘यूके’ हा संकेत जाऊन ‘एआय’ आला. संकेत एका दिवसात बदलता येतो. वर्षानुवर्षे ठरावीक क्रमाने दार आर्म करणाऱ्या, म्हणजे दार उघडताच स्लाईड (आणीबाणीतली घसरगुंडी) आपोआप फुगेल अशा स्थितीत ते आणणाऱ्या हाताला मात्र वेळ लागतो. अशा विलीनीकरणातून जाणाऱ्या प्रत्येक हवाई परिचारिकेने आणि परिचारकाने नेमके याच ठिकाणी लक्ष द्यावे.

गणवेश, जेवणाचे ट्रे, उद्घोषणांचे शब्द यांची धास्ती अनेकांना वाटते. पण त्यातली चूक प्रवासी पोटात घालतो. म्हणून सुरुवात सुरक्षा मॅन्युअलपासून करावी. वहीत दोन रकाने आखावेत, जुने आणि नवे, आणि जेथे फरक आहे तेवढेच लिहावे: आज्ञा कोण देतो, कोणत्या शब्दांत देतो, क्रॉसचेकचे (एकमेकांचे दार तपासण्याचे) उत्तर कोणी द्यायचे, अग्निशामक व ऑक्सिजनचे सिलिंडर कोठे ठेवलेले असतात. विमान दोन्हीकडे एअरबसचे ए320 असले तरी साहित्याच्या जागा सारख्याच असतील असे गृहीत धरू नये. विमानात चढल्यावर प्रत्येक जागा स्वतः उघडून पाहावी.

नव्या प्रकारच्या विमानावर नेमणूक झाली तर दाराचा सराव सर्वांत आधी करावा. ए320 च्या दाराचा दांडा वर उचलावा लागतो, तर बोइंग 787 चा फिरवावा लागतो. ए320 वर दांड्याला हात लावताच पांढरा दिवा लागला, तर स्लाईड अजून आर्म आहे असे समजून तेथेच थांबावे. लाल दिवा लुकलुकत असेल तर केबिनमध्ये दाब शिल्लक आहे, तेव्हा दार मुळीच उघडू नये. विमानाला मान्यता देताना निम्म्याच दारांतून 90 सेकंदांत सर्वांना बाहेर काढता येते हे सिद्ध करावे लागते, आणि तेवढ्या वेळात आठवत बसण्याला जागा नसते. घाईत तोंडात येते ते जुनेच वाक्य, म्हणून नव्या आज्ञा घरी मोठ्याने म्हणाव्यात आणि उड्डाणापूर्वी जंपसीटवर (क्रूच्या घडीच्या आसनावर) मनातल्या मनात पुन्हा घोळवाव्यात.

ब्रीफिंगमध्ये आपण कोणत्या कंपनीतून आलो हे संकोच न करता सांगावे. समोरासमोरच्या दारांवर दोन वेगळ्या कंपन्यांतले सहकारी असतील तर त्यांनी प्रवासी चढण्यापूर्वी आज्ञा एकमेकांना एकदा म्हणून दाखवाव्यात. जुनी पद्धत अधिक चांगली होती असे प्रामाणिकपणे वाटत असेल, तर ते लेखी कळवावे. उड्डाणात मात्र नवीच पाळावी, कारण एकाच केबिनमध्ये दोन पद्धती चालणे हे दोहोंपैकी कमी चांगल्या पद्धतीपेक्षाही धोक्याचे आहे.

रोस्टरचे ॲप आणि हजेरीची वेळ आठवडाभरात सवयीची होते. जुन्या मॅन्युअलची प्रत टॅबलेटवरून काढून टाकावी, आणि वहीतली एखादी ओळ तेव्हाच खोडावी जेव्हा ती कृती सलग काही उड्डाणांत न आठवता हातून बरोबर झालेली असेल.