बोअरच्या पाण्यातलं युरेनियम कसं तपासून घ्यावं

टीडीएस मीटरवर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र) पाणी चांगलं आलं म्हणून निर्धास्त राहू नका. पिण्याच्या पाण्यात युरेनियमची मर्यादा लिटरला 30 मायक्रोग्रॅम, म्हणजे 0.03 पीपीएम (दहा लाख भागांत 0.03 भाग). घरगुती मीटरला तेवढं दिसतच नाही. रंग, वास, चव यांतूनही काही कळत नाही.

दख्खनच्या काळ्या पत्थरात युरेनियम मुळातच कमी असतं. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे ग्रॅनाइट किंवा नाइस खडकात खोल बोअर असेल, तर मात्र तपासणी कराच.

प्रयोगशाळेला एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता आहे का, एवढंच विचारून भागत नाही. ती युरेनियमच्या चाचणीसाठी आहे का, ते विचारा. बाटली त्यांच्याकडूनच आणा.

आता नमुना. इथेच बहुतेकांचं चुकतं. मोटर सुरू केली, बाटली भरली, झालं! अहो, ते रात्रभर केसिंगमध्ये, म्हणजे बोअरच्या पाइपात, साचलेलं पाणी असतं. मोटर चालू ठेवा, पाणी झाडांना सोडा आणि दर पाच मिनिटांनी टीडीएस मोजा. लागोपाठ तीन वेळा आकडा हलला नाही, की खडकातलं ताजं पाणी यायला लागलं असं समजा. या कामाला मीटर उत्तम. टाकीतलं पाणी चालणार नाही.

बाटलीत नायट्रिक आम्ल लागतं. ते नसेल तर युरेनियम बाटलीच्या आतल्या बाजूला चिकटतं, अहवालात आकडा कमी येतो आणि घरचे निश्चिंत होतात. हा खोटा दिलासा मला सगळ्यात घातक वाटतो. आम्ल आधीच घातलेलं असेल तर बाटली विसळू नका, ओसंडू देऊ नका, हातमोजे घाला.

युरेनियमपासून तयार होणारा रेडॉनही तपासायचा असेल तर काचेची वेगळी बाटली घ्या. तो किरणोत्सर्गी वायू आहे, पाणी खळखळलं की उडून जातो. बादलीच्या तळाशी पाइप सोडून पाणी वाहतं ठेवा, बाटली आत बुडवून भरा आणि झाकणही पाण्याखालीच लावा. उलटी केल्यावर बुडबुडा दिसला तर पुन्हा भरा. दर 3.8 दिवसांनी रेडॉन निम्मा होतो, म्हणून त्याच दिवशी पोहोचवा.

युरेनियमच्या अहवालात आधी एकक बघा, मायक्रोग्रॅम आहे की मिलिग्रॅम. 60 मायक्रोग्रॅमपर्यंत चालतं, असं कोणी सांगेल. तो आकडा अणुऊर्जा नियामक मंडळाचा, किरणोत्सर्गाच्या हिशेबाने काढलेला. युरेनियम जड धातूही आहे आणि त्याचा पहिला मार मूत्रपिंडाला बसतो. 30 च धरा.

युरेनियम जास्त निघालं तर पाणी उकळू नका. रेडॉन जाईल, पण पाणी आटून युरेनियम आणखी दाट होईल. यूव्ही, तांब्याचा हंडा यांचाही उपयोग नाही, घरगुती तुरटीवरही भरवसा ठेवू नका. पिण्या-रांधण्यापुरता आरओ लावा, त्याचं सोडलेलं पाणी गुरांना पाजू नका. आंघोळ, धुणं बोअरवरच चालू द्या. आरओ बसवल्यावर त्याच्या नळाचाही नमुना पाठवा, आणि मेम्ब्रेन (आरओमधली पाणी गाळणारी पडदी) बदलली की पुन्हा.