रविवारच्या स्टेजआधी

जळगाव, भुसावळ आणि धुळ्यातले आम्ही सात-आठ मित्र दर रविवारी रात्री कॉम्प्युटरवर ऑनलाइन कार रॅली खेळतो. गेम २०१९ चा, 'डर्ट रॅली २.०'. नियम एकच आहे: स्टेज, म्हणजे रॅलीतला वेळ लावून पळवायचा एक टप्पा, एकदाच पळवायची, रीस्टार्ट नाही. नवीन मुलं आली की पहिला प्रश्न असतो, "भो, गाडी कोणती घेऊ?" गाडीचा विचार फार नंतर येतो. त्याआधी करायच्या गोष्टी मी ज्या क्रमाने करतो, त्याच क्रमाने इथे लिहितोय.

सकाळी आधी वीज आणि धूळ. इन्व्हर्टरला यूपीएस मोडचं बटण असेल तर ते चालू आहे का पाहा. साध्या मोडवर लाइट गेल्यापासून बॅटरी हाती घेईपर्यंतच्या क्षणात कॉम्प्युटर बंद पडू शकतो. राउटरही इन्व्हर्टरवरच हवा. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो, म्हणून कॅबिनेट उघडून पंख्यांवरची धूळ ब्लोअरने उडवा आणि कूलरचा ओला झोत थेट कॅबिनेटवर येणार नाही असं बघा. प्रोसेसर तापला की स्वतःचा वेग कमी करतो आणि चित्र अडखळतं. ताशी १२० किलोमीटर वेगात गाडी सेकंदाला ३३ मीटर जाते. चित्र सेकंदाचा दहावा भाग जरी थांबलं, तरी तेवढ्यात तीन मीटर रस्ता न बघता गेलेला असतो.

मग कंट्रोल. स्टिअरिंग टेबलाला घट्ट आवळा. ते ९०० अंश फिरणारं असेल तर ५४० वर आणून पाहा, कच्च्या रस्त्यावर उलटं वळवायला हात पुरतात. कंट्रोलरवर खेळत असाल तर डेडझोन, म्हणजे काडी हलवूनही गाडी हलत नाही तेवढी जागा, शक्य तितका कमी ठेवा. व्ही-सिंक (चित्राचा वेग पडद्याशी जुळवणारी सेटिंग) बंद केलं तर हाताची हालचाल पडद्यावर लवकर उमटते. कॅमेरा बोनेटवरचा घ्या नाहीतर आतला. गाडीमागचा घेतला तर गाडीचं मागचं अंग कधी सुटतंय ते उशिरा कळतं. ही सेटिंग एकदा ठरली की रविवारी तिला हात लावायचा नाही.

आता मुख्य गोष्ट, कान. घाटात ट्रक रिव्हर्स घेताना क्लीनर मागे उभा राहून "येऊ दे, येऊ दे" ओरडतो आणि ड्रायव्हर त्याच्या आवाजावर एवढं मोठं धूड दरीच्या कडेला नेतो. त्याला मागचं दिसत नसतं, त्याचा भरवसा त्या आवाजावर असतो. रॅलीत शेजारी बसून पुढची वळणं वाचून सांगणाऱ्या को-ड्रायव्हरचं नातं हेच आहे. रॅली ड्रायव्हर सेबास्टियन लोब यांनी २००४ ते २०१२ अशी सलग नऊ जागतिक विजेतेपदं जिंकली आणि नऊही वेळा शेजारच्या सीटवर डॅनियल एलेना होते. आपल्या गेममधला को-ड्रायव्हरचा इंग्रजी आवाज फिल मिल्स यांचा आहे. ते २००३ मध्ये ड्रायव्हर पेटर सोल्बर्ग यांच्याबरोबर जागतिक विजेते झाले होते. एवढा अनुभवी माणूस कानाशी बोलतोय आणि आपण गाण्याचा आवाज वाढवून बसतो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

म्हणून दुपारचा अर्धा तास फक्त नोट्सचा, म्हणजे को-ड्रायव्हरच्या या सूचनांचा. वळणाचा आकडा १ ते ६ असतो. १ म्हणजे खूप आवळलेलं वळण, ६ म्हणजे जवळजवळ सरळ. आकडा म्हणजे गिअर नव्हे, वळण किती तीव्र आहे ते. 'टायटन्स' म्हणजे वळण पुढे आणखी आवळतंय, 'ओपन्स' म्हणजे मोकळं होतंय, 'डोन्ट कट' म्हणजे आतल्या कडेला दगड, खड्डा किंवा ओंडका आहे, 'ओव्हर क्रेस्ट' म्हणजे चढाच्या माथ्यावरून, पलीकडचं दिसणार नाही. मधला मोठा आकडा म्हणजे पुढच्या वळणापर्यंतचं अंतर, मीटरमध्ये. नोट लवकर ऐकू यावी अशी सोय सेटिंगमध्ये आहे, सुरुवातीला तीच ठेवा. मग रस्ता माहीत नसलेली एखादी स्टेज घ्या, अर्ध्या वेगाने चालवा आणि प्रत्येक नोट तोंडाने परत म्हणा. पाच-सहा दिवसांत फरक पडतो: पाय ब्रेकवर जातो तो डोळ्यांना वळण दिसायच्या आधी. मागच्या महिन्यात अर्जेंटिनात मी पडद्यावरचा स्प्लिट टाइम (स्टेजच्या मध्ये दिसणारी वेळ) वाचत बसलो आणि 'हेअरपिन लेफ्ट', म्हणजे डावीकडे पूर्ण उलटं फिरणारं वळण, कानावरून गेला. खडकाला धडक बसली, टायर फुटला, चाक बदलण्यात वेळ गेला आणि सगळी रॅली हातची गेली. त्या रात्रीपासून स्प्लिट टाइम बंद ठेवलाय.

आता गाडी. सुरुवात कमी ताकदीच्या, पुढच्या चाकांवर चालणाऱ्या जुन्या गाडीने करा: मिनी कूपर किंवा लॅन्सिया फुल्विया. ग्रुप बी या फार ताकदवान गाड्यांच्या वर्गातली ऑडी क्वाट्रो सगळ्यांनाच हवी असते, मलाही आवडते, पण त्या वर्गातल्या गाड्या खऱ्या जगात १९८६ नंतर जागतिक रॅलीतून का बंद झाल्या, ते पहिल्याच स्टेजला समजतं. कमी वेगाच्या गाडीत वजनाचा खेळ उमजतो. ब्रेक दाबला की वजन पुढे येतं, पुढची चाकं रस्त्याला चिकटतात. वळवायची वेळ तीच. म्हणून जोराचा ब्रेक सरळ रस्त्यावर, मग पाय हळूहळू उचलत गाडी आत घालायची आणि नाक बाहेर पडायच्या दिशेला आलं की अॅक्सिलरेटर. नवखा नेमकं उलटं करतो: उशिरा ब्रेक, वळणाच्या मध्यावर घाबरून आणखी ब्रेक, आणि गाडी सरळ झाडाकडे. हँडब्रेक फक्त हेअरपिनला, तोही क्षणभर, गाडी वळायला लागल्यावर. तोरणमाळच्या घाटात एसटी कशी वळते ते खिडकीतून पाहिलं असेल तर आठवा: चालक आधी वेग कमी करतो, बाहेरच्या कडेने रुंद घेतो, मगच आत येतो. (तिथे आपण गाडी घेऊन जाल तेव्हा गेममधलं यातलं काही करायचं नाही. समोरून ऊस भरलेली ट्रॉली येत असते.)

टायर आणि रस्ता यांचं थोडक्यात. मऊ टायर पकड जास्त देतो आणि लवकर झिजतो, म्हणून दोन सर्व्हिसच्या (गाडी दुरुस्त करायच्या थांब्यांच्या) मध्ये किती स्टेज आहेत ते मोजून मगच निवडा. या गेममध्ये आधी गेलेल्या गाड्यांनी रस्ता उखडत जातो. पावसाळ्यात काळ्या मातीच्या शिवाररस्त्यावर बैलगाडीची चाकोरी पडते आणि मोटारसायकलचं चाक त्यात अडकलं की बाहेर निघत नाही, अगदी तसंच. स्टार्टला आपला नंबर मागचा असेल तर गाडीची उंची थोडी वाढवा, स्प्रिंग मऊ करा आणि चाकोरीतून जायची वेळ आलीच तर आत असताना हिसका देऊन वळवू नका. गाडीच्या सेटअपमध्ये एका वेळी एकच बदल. दोन केले तर फायदा कशाचा झाला ते कळत नाही.

संध्याकाळी शेकडाउनचा, म्हणजे रॅलीआधीच्या चाचणीचा, एक फेरा, फक्त ब्रेक कुठे लागतोय ते बघायला. जेवण हलकं. वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी पोटभर झाली की माझे हात जड होतात, ते मी स्टेज झाल्यावर खातो. हेडफोन लावा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, घरच्यांना अर्धा तास हाक मारू नका म्हणून आधीच सांगा.

स्टार्टला उलटी मोजणी चालू असताना पहिल्या तीन नोट्स मनात धरा. पहिले दोन किलोमीटर मुद्दाम जरा राखून चालवा, रस्ता किती धरतोय ते टायर सांगतील. स्टेज संपली की लगेच वही काढा आणि वेळ कुठे गेला ते लिहा, तेही जागेसकट: "न्यूझीलंड, तिसऱ्या किलोमीटरनंतर उजवीकडे ४, लवकर आत घातली." नंतर स्टिअरिंगवर आईची जुनी सुती साडी दुमडून टाका, धुळीसाठी, आणि भाकरी गरम करायला घ्या.