जुन्या बुलेटचं ऑइल गळतंय? आधी तो नट आवळणं बंद करा

"बुलेट म्हटलं की ऑइल गळणारच" हे वाक्य मी इतक्या मिस्त्र्यांच्या तोंडून ऐकलंय की आता कोणी म्हटलं तर गाडी वळवून सरळ घरी येतो. नाही गळत हो. माझी १९८६ ची साडेतीनशे सीसीची बुलेट आहे, बिडाचं इंजिन, गिअर उजव्या पायात नि ब्रेक डाव्या, आणि ती ज्या शहाबादी फरशीवर उभी असते ती फरशी आज कोरडी आहे. कोरडी व्हायला तीन मिस्त्री नि जवळजवळ चार वर्षं लागली हा भाग वेगळा, त्यातली निम्मी वर्षं मी स्वतःच वाया घालवली.

हे सगळं मद्रासच्या एन्फिल्ड इंडियाच्या जुन्या बिडाच्या इंजिनाबद्दल आहे, ज्याचा गिअरबॉक्स वेगळा असतो. नवीन युनिट इंजिनवाल्यांनी, म्हणजे ज्यांचं इंजिन नि गिअरबॉक्स एकाच पेटीत असतं त्यांनी, वाचायला हरकत नाही पण तुमचं प्रायमरी (इंजिनकडून क्लचकडे जाणाऱ्या चेनची पेटी) वेगळं आहे, उगाच पाने घेऊन बसू नका.

पहिलं काम, गाडी धुवा. नुसत्या पाण्याने नाही, रॉकेल किंवा डिझेल नि जुना ब्रश घेऊन, फिन्सच्या, म्हणजे इंजिनवरच्या पात्यांच्या, आतपर्यंत, मग साबणाचं पाणी, मग कडक उन्हात वाळवा. ऑइल जिथे ठिबकतं तिथून ते गळत असतंच असं नाही, इंजिनच्या डोक्यावर वाल्व हलवणाऱ्या रॉकरजवळून निघालेला पाझर फिन्समधून उतरत उतरत चेंबरच्या, म्हणजे इंजिनच्या तळाच्या पेटीच्या, खाली येऊन थेंब धरतो, वर गाडी चालताना वारा त्याला मागे ढकलतो, आणि आपण चेंबरचे बोल्ट आवळत बसतो. आजार रेड्याला नि औषध पखालीला. गाडी वाळली की अंगाला लावायची साधी टाल्कम पावडर सगळ्या इंजिनवर भुरभुरवा, हो, डब्यातून, बायको ओरडली तरी. डबल स्टँडवर दहा मिनिटं इंजिन चालू ठेवा, मग हळूच कॉलनीत एक चक्कर. पावडर ओली होऊन जिथे पहिली पिवळट रेघ उठेल तो तुमचा चोर. पहिली रेघ म्हणतोय, दहा किलोमीटरनंतरची नाही, तोवर सगळीकडेच चिखल होतो.

आता सोपे चोर पटापट. रॉकरला वर ऑइल नेणारा बाहेरचा पाइप असतो त्याच्या बेंजो बोल्टांचे (ज्यांच्या पोटातून ऑइल जातं ते पोकळ बोल्ट) तांब्याचे वायसर बदला, नवे नसतील तर जुनेच गॅसवर लाल होईपर्यंत तापवून गार करा, तांबं मऊ होतं नि पुन्हा नीट बसतं. टॅपेट कव्हरचं पॅकिंग नवीन टाका आणि नट बोटाने लावून वर थोडंसंच आवळा. पॉइंटच्या, म्हणजे ठिणगीची वेळ साधणाऱ्या भागाच्या, प्लेटमागे ऑइल दिसलं तर सील गेलंय, बदला. ड्रेन बोल्टचे आटे गेलेले असतील तर टेफ्लॉन टेप गुंडाळून फसवू नका, वर्कशॉपला नेऊन आटे करून आणा.

ब्रीदर, म्हणजे इंजिनमधली हवा बाहेर सोडणारी नळी, मात्र बघायलाच हवा, कारण तो चोंदला की इंजिनमधलं प्रेशर जिथून वाट मिळेल तिथून ऑइल बाहेर ढकलतं, मग तुम्ही जगातलं सगळ्यात भारी पॅकिंग लावा. टोकाला बदकाच्या चोचीसारखं रबर असतं, ते बोटात दाबून बघा, मऊ हवं. कडक झालं किंवा फाटलं तर नवीन घ्या, त्यात विचार करण्यासारखं काही नाही.

आणि एक, पंधरा दिवस गाडी उभी होती, स्टार्ट केली नि ब्रीदरमधून भसाभस ऑइल आलं म्हणून घाबरलेले लोक असतात. उभ्या गाडीत ऑइलच्या टाकीतलं ऑइल झिरपत क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँक फिरतो त्या कप्प्यात, उतरतं. मग मालक डिपस्टिक बघतो, लेव्हल कमी, वरून पाव लिटर ओततो, आणि स्टार्ट केल्यावर ते जास्तीचं बाहेर येणारच ना. लेव्हल नेहमी पाच मिनिटं इंजिन चालवून मग बघायची.

आता खरं दुखणं. प्रायमरी चेनकेस, डाव्या बाजूचं ते लांबट ॲल्युमिनियमचं कव्हर.

एवढं मोठं कव्हर आणि त्याला धरायला मधोमध एकच नट. कडेने रबराची सील. बघताना इतकं सोपं वाटतं की कोणालाही वाटावं, गळतंय? आवळा. मलाही तेच वाटलं. पहिल्या मिस्त्रीने आवळला, दुसऱ्याने पान्याला पाइप लावून आवळला, नंतर मी स्वतः पाइप आणला नि त्यावर उभा राहिलो म्हटलं तरी चालेल. प्रत्येक वेळी आठवडाभर बरं, मग आधीपेक्षा जास्त. तीन रबरं बदलली. तिसऱ्या वेळी तर कव्हरच्या कडेने सिलिकॉनचा असा जाड थर लावला की उघडताना लाकडी हातोडीनेही निघेना.

झालं काय होतं ते कव्हर काचेवर ठेवल्यावर कळलं. काचवाल्याकडून जाड काचेचा तुकडा आणा, कव्हरपेक्षा थोडा मोठा. कव्हर धुऊन, कड खाली करून काचेवर ठेवा आणि एका टोकाला बोटाने दाबा. माझं डुगडुगत होतं. पुढचं टोक दाबलं की मागचं उचलायचं, आणि उचललेल्या टोकाखालून पोस्टकार्ड आरामात सरकत होतं. म्हणजे मधला नट वर्षानुवर्षं आवळून आवळून कव्हरचं पोट आत गेलं होतं नि दोन्ही टोकं बाहेर उचलली होती. जितकं आवळाल तितकी टोकं उघडणार. चार वर्षं आम्ही सगळे मिळून गळती आवळून वाढवत होतो.

थोडा फरक असेल तर घरी निघतो. काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर पसरा, साबणाचं पाणी शिंपडा, कव्हर त्यावर इंग्रजी आठच्या आकड्यासारखं फिरवा, जोर लावू नका, कव्हरचं वजन पुरतं. दोन मिनिटांनी उलटून बघा, जिथे चकाकी तिथे टेकतंय, जिथे काळं तिथे खड्डा. सगळी कड एकसारखी चकाकली की थांबा. पण पोस्टकार्ड सरकतंय एवढी फट असेल तर घासत बसू नका, कड पातळ होईल नि सीलची खाच उथळ, आणि हातोडीने ठोकून सरळ करायचा विचारही नको, ओतीव ॲल्युमिनियम ठोकून सरळ होत नाही, तडकतं. दुसरं कव्हर शोधा. मी पुण्याच्या जुन्या बाजारात पिशवीत काच घेऊन गेलो होतो, विकणारा आधी हसला, मग दोन कव्हरं त्यानेच काचेवर ठेवून बघितली. तिसरं सपाट निघालं.

उघडताना फूटरेस्ट नि ब्रेक पॅडल आधी काढा, खाली ट्रे ठेवा, आणि फटीत स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका, प्लीज. माझ्या जुन्या कव्हरला खालच्या बाजूला असे तीन ओरखडे होते, प्रत्येक ओरखडा म्हणजे ऑइलला केलेला छोटा पाट. तळहाताने नाहीतर रबरी हातोडीने कडेकडेने ठोका, सुटतं.

बसवताना. सीलची खाच जुन्या टूथब्रशने नि पेट्रोलने स्वच्छ करा, सिलिकॉनचा एक धागासुद्धा राहता कामा नये. नवीन रबर ओढून ताणून बसवू नका, ताणलेलं रबर रात्रीतून आकसतं नि कोपऱ्यात खाचेबाहेर येतं, ते सैलसर ठेवून बोटाने कोपऱ्याकोपऱ्यात दाबत जा, वर ग्रीसचा अगदी पातळ हात. आतल्या केसचे बोल्ट हाताने हलवून बघा, आतली केस हलत असेल तर बाहेरचं कव्हर सात जन्मात बसणार नाही. स्टेटरच्या (वीज तयार करणारी गुंडाळी) वायरी जिथून बाहेर पडतात तिथलं रबरही बघून घ्या, तिथला पाझर अगदी कव्हरच्या गळतीसारखा दिसतो. मग कव्हर दोन्ही तळहातांनी सारखं दाबून धरा, नटाखाली नवीन वायसर, आणि आखूड पाना घ्या. आखूड मुद्दाम म्हणतोय, लांब पान्याने हाताला कळत नाही. रबर चेपलं गेलं की पाना एकदम जड होतो, तिथून पाव आटा, बस. पाइप घरात असेल तर शेजाऱ्याला देऊन टाका.

ऑइल भरताना गाडी डबल स्टँडवर सरळ, लेव्हलचा छोटा स्क्रू उघडा ठेवायचा, वरून हळूहळू ओतायचं, तिथून धार लागली की थांबायचं, धार संपून थेंब झाले की स्क्रू लावायचा. बरेच जण तो स्क्रू न उघडताच वरपर्यंत भरतात, मग गळतं, आणि वर क्लचही घसरतो. महिन्याभराने पुन्हा स्क्रू उघडून बघा. इंजिनचं ऑइल कमी होतंय आणि प्रायमरीत आपोआप वाढतंय असं दिसलं तर क्रँकचं डावीकडचं सील गेलंय, तो उद्योग मोठा आहे, क्लच नि रोटर उतरवावा लागतो, तो खेचून काढायचा पुलर नसेल तर हात घालू नका.

सिलिकॉनबद्दल माझं मत विचारू नका, पण सांगतोच. टायमिंग कव्हरला, म्हणजे उजव्या बाजूच्या कव्हरला, ते लावणाऱ्याच्या हातातून ट्यूब काढून घ्यावी. जास्तीचं आत दाबलं जातं, सुटतं, ऑइलबरोबर फिरतं. एका मित्राच्या इंजिनची ऑइल गाळणारी जाळी काढली तेव्हा तिला निळ्या शेवया लटकत होत्या. त्याच कव्हरमधून बिग एंडला, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या क्रँकवरच्या टोकाला, ऑइल जातं, ती वाट बंद झाली तर गळती परवडली म्हणाल. कागदी पॅकिंग, स्वच्छ कड, फार तर ग्रीस.

सगळं झाल्यावर वीस किलोमीटर फिरवून आणा आणि रात्री इंजिनखाली वर्तमानपत्र अंथरा. मी अंथरलं, सकाळी बघतो तर मागच्या बाजूला एक काळा थेंब. तासभर टॉर्च घेऊन उताणा पडलो होतो. आदल्या दिवशी मीच चेनला ऑइल मारलं होतं.