फ्लॉरेन्सच्या कला-अभ्याससहलीला जाताना

फ्लॉरेन्सला अभ्याससहलीसाठी निघणाऱ्या कोल्हापूरच्या विद्यार्थ्यांनी तयारीची सुरुवात नवीन राजवाड्यापासून करावी. त्याचे वास्तुविशारद मेजर चार्ल्स मँट यांनीच फ्लॉरेन्समधील कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज (दुसरे) यांच्या स्मारकाची छत्री उभारली. युरोपच्या दौऱ्यावरून परतताना महाराजांचे 1870 मध्ये तेथेच निधन झाले आणि आर्नो व मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. राजवाड्याच्या कमानी, घुमट आणि नक्षी यांची रेखाटने वहीत असली, तर कॅशिने उद्यानाच्या पश्चिम टोकाला असलेल्या त्या छत्रीशी त्यांची तुलना जागेवरच करता येते. या स्मारकासाठी अर्धा दिवस राखून ठेवावाच, कारण आपल्या मुलांनी ते न पाहता परतणे मनाला पटत नाही.

उफित्सी संग्रहालय सोमवारी बंद असते, म्हणून वार पाहूनच तिकिटे आगाऊ काढावीत. सर्व दालने उरकण्याचा हट्ट सोडून निवडक चित्रांसमोर निवांत बसावे.

फ्लॉरेन्सच्या एका चर्चमधील ब्रँकाची चॅपेलमध्ये (छोट्या प्रार्थनागृहात) चित्रकार मसाच्चोची भित्तिचित्रे पाहताना शिक्षकांनी मुलांना थोडे बाजूला उभे करून तिरप्या प्रकाशात भिंत न्याहाळायला लावावी. रंग गिलावा ओला असतानाच द्यावे लागत, म्हणून एका दिवसात रंगवून होईल तेवढाच ओला गिलावा चित्रकार लावत असत. त्यामुळे दोन दिवसांच्या कामांमधील सांधे काही ठिकाणी ओळखू येतात. असा एखादा सांधा सापडल्यास त्याची रेषा वहीत काढून, चित्रकाराने काम नेमके तेथेच का थांबवले असेल, याचा तर्क प्रत्येकाने त्याच दिवशी लिहून ठेवावा.