लँडस्पाऊट ओळखताना या चुका टाळा

लँडस्पाऊट म्हणजे वाढत्या ढगाखाली जमिनीलगत जन्मणारा छोटा टोर्नेडो, ढगापासून जमिनीपर्यंत गरगरणारा वाऱ्याचा खांब. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात, डेन्व्हरच्या पूर्वेकडच्या माळरानावर ढग बघायला मी दर जूनमध्ये जातो. सोबतची मंडळी दरवर्षी नवी असतात, चुका मात्र त्याच.

सगळ्यात घातक चूक म्हणजे ढगाखाली लोंबणारी सोंड जमिनीला टेकायची वाट बघत बसणं. लायमनजवळच्या एका कच्च्या रस्त्यावर आम्ही थांबलो होतो. डोक्यावर झपाट्याने वाढणारा ढग, तळ सपाट आणि काळपट, त्यातून आखूडशी सोंड बाहेर आलेली. सोबतचा मुलगा म्हणाला, "काका, अजून खाली कुठे आलीय? आणि रडारवर पण काही नाही." मी त्याला शेत दाखवलं. सोंडेच्या बरोबर खाली मातीचं कडं गरगरत होतं. म्हणजे वारा वरपासून खालपर्यंत फिरत होता, मधला भाग तेवढा दिसत नव्हता. तिथे ना धूळ पोचली होती, ना वाफेचे थेंब तयार झाले होते. त्याला अजून दोन फोटो हवे होते. मी ऐकलं नाही, गाडी काढली. थोड्याच वेळात आरशात बघतो तर आम्ही उभे होतो तिथे शेडचा पत्रा येऊन आदळला होता.

दुसरी चूक, रडारवर विसंबणं. मोठ्या टोर्नेडोत फिरकी आधी ढगाच्या पोटात तयार होते आणि ती रडारला दिसते. लँडस्पाऊट जमिनीलगत जन्मतो. डेन्व्हरजवळ पामर डिव्हाइडचा उंचवटा ओलांडून आलेला आग्नेयेचा दमट वारा वायव्येच्या वाऱ्याला भिडतो. त्या रेषेवर लहान भोवरे पडतात. वर एखादा ढग वाढत असला की त्याचा वर जाणारा वारा भोवऱ्याला ताणतो, भोवरा बारीक होतो आणि त्याचा वेग वाढतो. हे सगळं बहुतेक वेळा रडारच्या किरणाखालीच उरकतं. म्हणून मी रडारचं ॲप खिशात ठेवतो. आधी वर ढगाचा तळ बघतो, मग त्याखालची जमीन. मोबाइलवर शिकायची घाई असलेल्यांना हे पटत नाही, आणि मला त्यांची खरंच काळजी वाटते.

वावटळीशी गल्लत करू नका. वावटळ तापलेल्या जमिनीवर उठते, वरचं आभाळ मोकळं असलं तरी.

गस्टनॅडो नावाचा भोवराही वेगळा. तो पावसाच्या गार वाऱ्याच्या पुढच्या कडेला उठतो, त्याचा ढगाच्या तळाशी संबंध नसतो.

चक्रीवादळ तर म्हणूच नका. ते शेकडो किलोमीटर पसरतं आणि कित्येक दिवस टिकतं. लँडस्पाऊट बहुधा काही मिनिटांत विरतो. त्याचा खरा भाऊबंद पाण्यावरचा वॉटरस्पाऊट. हवामानशास्त्रज्ञ हॉवर्ड ब्लूस्टीन यांनी १९८५ मध्ये लँडस्पाऊट हे नाव दिलं ते त्यावरूनच.

"कमजोर असतो" हेही ऐकतो. टोर्नेडोची ताकद मोजायच्या ईएफ-० ते ईएफ-५ या मापात बहुतेक ईएफ-० किंवा ईएफ-१ असतात, पण ट्रेलरचं घर उलटायला तेवढं पुरतं.

आणि पुलाखाली आसरा घेऊ नका. तिथल्या अरुंद जागेत वारा आणखी जोर धरतो.